काचेच्या टाकीतला समुद्र : प्रवाळ जगवण्याची पावणेदोनशे वर्षे (धागा)

१/
घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाहिले, की नजर प्रथम त्यांच्या रंगांवर जाते. टाकीच्या मागे आणि खाली डोकावले, तर निराळेच जग दिसते : पाणी घुसळणारे पंप, फेस गोळा करणारे नळकांडे, निळे दिवे, चुन्याच्या निवळीचा डबा, खारेपणा मोजण्याचे उपकरण. यांतल्या प्रत्येक वस्तूला इतिहास आहे आणि बहुतेकींचा इतिहास कुठल्या ना कुठल्या मृत्यूपासून सुरू होतो. प्रवाळ गुदमरले, उपाशी राहिले, अंधारात विरून गेले. आणि प्रत्येक वेळी माणसाने समुद्राचे एकेक काम ओळखून ते यंत्रावर सोपवले. त्या कामांचा हा क्रमवार मागोवा. आणि त्यातूनच घडलेल्या संगोपनाच्या नियमांचाही.

२/
प्रवाळ हा प्राणी आहे, हेच मुळात फार उशिरा कळले. भूमध्य समुद्रातले लाल पोवळे शतकानुशतके भारतात येत होते. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी ते गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. नवरत्नांत पोवळ्याला मानाचे स्थान होते. पण ते नेमके काय आहे? पाण्याखाली मऊ असणारी आणि हवा लागताच दगड होणारी वनस्पती, अशी युरोपातली जुनी समजूत होती. इटालियन अभ्यासक मार्सिली याने १७०६ मध्ये ताजे पोवळे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवले. त्याला आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमलताना दिसली. वनस्पतीचा पुरावा मिळाला, असे त्याने मानले.

३/
मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने १७२०च्या दशकात तोच प्रयोग केला, तीच ‘फुले’ पाहिली. पण ती मिटतात, आखडतात, स्पर्शाला प्रतिसाद देतात, म्हणजे ते प्राणी आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूर याने हे मत मांडताना पेसोनेलचे नावही घेतले नाही. कारण ते मत त्याला इतके विक्षिप्त वाटले, की लेखकाची अब्रू झाकणेच त्याने पसंत केले. १७४०च्या दशकात गोड्या पाण्यातल्या हायड्रावरील संशोधन पुढे आले, तेव्हा कुठे पेसोनेलचे म्हणणे मान्य झाले. हा सारा वाद भांडेभर समुद्राच्या पाण्यामुळे उभा राहिला. जिवंत प्रवाळ समजून घ्यायचे, तर तो काही काळ तरी जिवंत ठेवावा लागतो.

४/
‘काही काळ’ म्हणजे किती? इथे दोन स्त्रियांची नावे येतात. जान व्हिलप्रू-पॉवर हिने १८३२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या तयार केल्या आणि त्यांच्या आधारे आर्गोनॉट हा अष्टपाद आपले कवच स्वतःच घडवतो, हे दाखवून दिले. दुसरी ॲना थिन. ही वेस्टमिन्स्टरच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ मध्ये तिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्कीहून पाषाण प्रवाळ लंडनला आणले. वाटेत हेलकाव्यांनी त्यांना इजा होऊ नये म्हणून तिने ते सुईदोऱ्याने स्पंजला टाकून घेतले होते.

५/
अडचण पाण्याची होती. लंडनपासून समुद्र दूर आणि साठवलेले पाणी लवकरच निकामी होई. तिने त्यावर उपाय काढला : रोज उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे काम घरातल्या मोलकरणीकडे आले. पुढच्या वर्षी थिनने भांड्यात जिवंत समुद्रशैवाल ठेवले. तिच्याकडचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, वाढले. १८५९ मध्ये तिची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. मोलकरणीचे नाव मात्र सर्वपरिचित वृत्तांतांत आढळत नाही. आज टाकीतला पंप जे करतो, ते पहिल्यांदा तिच्या दंडांनी केले.

६/
त्या ओतण्याने नेमके काय होत होते? पाण्यात प्राणवायू मिसळत होता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. प्रवाळ एका जागी खिळलेला. अन्न त्याच्याकडे यावे लागते आणि मळ त्याच्यापासून दूर जावा लागतो. प्रवाह थांबला, की त्याच्या अंगाभोवती शिळ्या पाण्याचा थर साचतो. यातून पहिला नियम येतो : टाकीत पाण्याचा प्रवाह एकाच दिशेने सतत मारा करणारा नसावा, दिशा आणि जोर बदलणारा असावा. प्रवाळावर थेट रोखलेला झोत त्याची ऊती सोलून काढतो. शिवाय वीज गेली तर पहिली काळजी दिव्यांची नव्हे, पाणी हलते ठेवण्याची. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असावा तो यासाठीच.

७/
१८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधून पाणी न बदलता टाकी टिकते, हे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची लाट उसळली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली. त्यात साधे मीठ धरून चारच क्षार होते. चुना त्याने वेगळा घातलाच नव्हता. समुद्रपुष्पांचे त्यावर भागे. पण ज्याचा सांगाडाच चुन्याचा, त्या प्रवाळाचे भागणार नव्हते.

८/
दुसरा नियम त्या कृतीतून निघतो. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. प्रवाळांसाठी बनवलेले क्षारमिश्रणच वापरावे लागते. ते नळाच्या पाण्यात नव्हे, तर आर. ओ. प्रक्रियेने शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवायचे. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. टाकीतून वाफ होऊन फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. नवशिक्यांच्या टाकीत खारेपणा हळूहळू चढत जातो, तो या एका गफलतीमुळे.

९/
त्या लाटेची किंमत किनाऱ्याने मोजली. गॉसच्या पुस्तकांनी प्रेरित झालेले हौशी लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन खडकांवर उतरले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधल्या आपल्या आत्मकथनपर पुस्तकात लिहून ठेवले आहे, की बालपणी पाहिलेली ती भरलेली खडककुंडे पुढे ओरबाडली गेली आणि त्याचे दुःख वडिलांना होते. समुद्रावरच्या प्रेमानेच समुद्रकिनारा रिता व्हावा, ही या छंदाची पहिली मोठी शोकांतिका. ती शेवटची ठरली नाही. दीडएक दशकात हौस ओसरली. बहुतेकांच्या टाक्या कुजल्या आणि नेचे-शिंपल्यांच्या इतर छंदांनी त्यांची जागा घेतली.

१०/
टाक्या कुजत, कारण त्यांत पाणी थोडे आणि जीव फार असत. लंडनचा मत्स्यालय-व्यावसायिक विल्यम अल्फर्ड लॉइड याने यावर मूलगामी उपाय शोधला. दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्याहून कित्येक पटींनी मोठा साठा ठेवायचा आणि वाफेच्या पंपाने पाणी अखंड फिरवायचे. हॅम्बुर्गमध्ये १८६४ साली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्याने हे करून दाखवले. आजच्या घरगुती टाकीच्या खाली कपाटात लपवलेली ‘संप’ ही दुसरी टाकी या कल्पनेची वंशज होय. पाणी जितके अधिक, तितका चुकीचा परिणाम सावकाश. म्हणूनच अगदी लहान टाकी स्वस्त दिसली, तरी सांभाळायला तीच सर्वांत अवघड.

११/
इथवरचे प्रवाळ थंड समुद्रातले होते. उष्ण कटिबंधातले, भित्ती बांधणारे प्रवाळ मात्र मत्स्यालयांत हमखास मरत. त्याचे एक कारण त्यांच्या ऊतींत दडले होते. तिथल्या सूक्ष्म पिवळट-तपकिरी पेशींना कार्ल ब्रांट याने १८८१ मध्ये ‘झूझँथेला’ हे नाव दिले. हे शैवाल तिथे करते काय? १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग याच्या नेतृत्वाखाली ग्रेट बॅरियर रीफवर ब्रिटिश मोहीम गेली. अंधारात ठेवलेले प्रवाळ शैवाल बाहेर टाकतात, उष्णतेच्या ताणातही तसेच करतात, याची तिथे नोंद झाली. परंतु प्रवाळ शैवालाकडून अन्न घेत नाहीत, ते निव्वळ मांसाहारी आहेत, या मतावर याँग ठाम राहिला.

१२/
उत्तर किरणोत्सारी अणूंनी दिले. १९५८ मध्ये मस्कॅटिन आणि हँड यांनी कार्बन-१४ वापरून शैवालात तयार झालेले अन्न यजमान समुद्रपुष्पाच्या ऊतीत पोहोचते, हे दाखवले. १९५९ मध्ये थॉमस गोरो याने जमैकातील प्रवाळांवर कॅल्शियम-४५ वापरून सिद्ध केले, की उजेडात सांगाडा अंधारापेक्षा वेगाने वाढतो. प्रकाश म्हणजे प्रवाळाचे अन्न आणि तोच त्याचा गवंडीही. यातून तिसरा नियम येतो : दिवे रोज ठरावीक आठ-दहा तास, निळ्या छटेचा प्रकाश अधिक, कारण खोल पाण्यात तोच पोहोचतो, आणि नवा प्रवाळ आधी तळाशी, कमी उजेडात ठेवून काही आठवड्यांत वर आणायचा. प्रखर दिव्याखाली एकदम ठेवलेला प्रवाळ पांढरा पडतो.

१३/
त्याच सुमारास पॅसिफिकमध्ये एक निराळी वाट उघडत होती. रने काताला यांनी १९५६ मध्ये न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे मत्स्यालय सुरू केले. तिथे समुद्राचे वाहते पाणी आणि नैसर्गिक उजेड यांवर जिवंत प्रवाळ टिकत. पण समुद्र शेजारी नसलेल्यांचे काय? जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अमेरिकी नियतकालिकात आपली पद्धत मांडली. त्यांच्या टाकीत मोठी गाळणी नव्हती. होते ते भित्तीवरून आणलेले, जीवांनी भरलेले सच्छिद्र खडक आणि हलके हवेचे बुडबुडे.

१४/
त्या ‘जिवंत खडका’चे रहस्य जिवाणूंत आहे. मलमूत्रातून विषारी अमोनिया तयार होतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या छिद्रांतले जिवाणू त्या नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मोकळा करतात. ही वसाहत बसायला वेळ लागतो. म्हणूनच चौथा नियम संयमाचा : टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, काहीही घालायचे नाही. त्यानंतरही आधी चिवट मऊ प्रवाळ, आणि नाजूक पाषाण प्रवाळ पुढच्या कित्येक महिन्यांनी.

१५/
पावसाळ्यात किनाऱ्यावर जमणारा पिवळट फेस कोकणात सर्वांनी पाहिलेला असतो. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसावाटे वर येतात. १९६०च्या दशकात जर्मन छंदिष्टांनी हेच तत्त्व नळकांड्यात बसवले आणि ‘प्रोटीन स्किमर’ प्रचारात आला. त्याचे वैशिष्ट्य असे, की इतर गाळण्यांत घाण टाकीतच कुजत राहते. फेस मात्र ती कुजण्याआधीच बाहेर नेतो. पेल्यात साचलेला काळपट द्रव दर दोन-चार दिवसांनी ओतून पेला धुतला नाही, तर फेस धरेनासा होतो.

१६/
आता उरला चुना. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पीटर विल्केन्स यांच्या १९७३ मधल्या ग्रंथाने चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. पानाच्या डब्यातला जो चुना घराघरांत परिचयाचा, त्याच्याच शुद्ध रूपाची ही निवळी. तिच्यातून प्रवाळाला सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळते आणि पाण्याची अल्कता टिकते. मात्र ती अत्यंत दाहक असल्याने थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, वाफ झालेल्या पाण्याच्या जागी घालायची. आज अपेक्षित पातळ्या अशा : कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३००, अल्कता ८ ते ९ जर्मन अंश. जगभरचे छंदिष्ट अल्कता आजही ‘जर्मन अंशां’त मोजतात, ही त्या कालखंडाने मागे ठेवलेली खूणच होय.

१७/
जिवंत खडक, जोरकस फेसगाळणी, प्रखर दिवे आणि चुना यांच्या मेळाला पुढे ‘बर्लिन पद्धत’ हे नाव पडले. त्या शहरातील डीट्रिश स्ट्यूबर यांनी ॲक्रोपोरा जातीचा पाषाण प्रवाळ घरी वाढवला आणि त्याचे तुकडे इतरांना वाटले. हे वाटप या इतिहासातले मोठे वळण ठरले. आता समुद्रातून ओरबाडल्याविना प्रवाळ एका टाकीतून दुसरीकडे जाऊ लागला. तुकडा स्वच्छ कापायचा, सायनोॲक्रिलेट गोंदाने दगडावर चिकटवायचा आणि मंद उजेडात सावरू द्यायचा. वाडीत कलमे बांधणाऱ्याला हे तंत्र नवखे वाटणार नाही.

१८/
अमेरिकेत ही लाट १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या ‘मिनी-रीफ’ लेखमालेने पोहोचली. १९९४ मध्ये डेलबीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ अक्वेरियम’चा पहिला खंड निघाला आणि विखुरलेले अनुभव ग्रंथरूप झाले. शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या तेजस्वी निळ्या एलईडीने पुढे दिवेही बदलले. त्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. धातू-हॅलाइड दिवे पाणी तापवत. एलईडीने ती झळ कमी केली. तापमान हा पाचवा नियम आहे : २४ ते २७ अंश, आणि तेही स्थिर. युरोपातल्या टाकीला हीटर लागतो. मुंबईतल्या टाकीचा उन्हाळा चिलरशिवाय निघत नाही.

१९/
सर्व नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. प्रवाळाला आदर्श आकड्यापेक्षा न हलणारा आकडा अधिक मानवतो. अल्कता आठवड्याला एकदा तरी मोजावी, वहीत नोंदवावी. दर आठवड्या-पंधरवड्याला दहाएक टक्के पाणी बदलावे. आकडा चुकला तर एका दिवसात नव्हे, आठवड्याभरात सुधारावा. नवा प्रवाळ मुख्य टाकीत जाण्याआधी त्याला औषधी पाण्यात बुडवून, वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवावे. भित्तीवर ऋतू हळूहळू बदलतात. काचेत माणूस घाईने बदलतो.

२०/
आणि आता या छंदाच्या हिशेबाची दुसरी बाजू. प्रवाळ वर्षातल्या ठरावीक रात्री, पौर्णिमेनंतर, एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, हे ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासातून १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जगासमोर आले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त टाकीत भित्तीवरचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रोदय यांची नक्कल केली. अशा प्रकारे प्रवाळांचे नियोजित प्रजनन घडवता येते, हे त्यांच्या २०१७ च्या शोधनिबंधाने दाखवले. निबंधाचा विषय म्हणजे टाकीची रचना आणि संगोपनाची पद्धत; छंदिष्टांचीच भाषा, प्रयोगशाळेच्या शिस्तीत.

२१/
दोनच वर्षांनी त्याचा उपयोग झाला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ पासून पाषाण प्रवाळांची ऊती झडवणारा रोग पसरत होता. स्तंभ प्रवाळ तिथे जवळजवळ नामशेष झाले. जे हाती लागले ते किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवण्यात आले. ऑगस्ट २०१९ मध्ये फ्लोरिडा अक्वेरियममध्ये, हॉर्निमनच्या सहकार्याने उभारलेल्या टाक्यांत, त्या अटलांटिक प्रवाळांनी अंडी सोडली. ज्या काचेने एके काळी किनारे रिते केले, तीच आता एका जातीचा आसरा ठरली.

२२/
भारतातल्या वाचकाने इथे कायदा लक्षात ठेवायला हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व पाषाण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरपंखे आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून ते काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. आठवण म्हणून मृत तुकडा खिशात घालून आणणेही त्यातून सुटत नाही. १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तो परिसर मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. गॉसच्या वाचकांनी डेव्हनच्या खडकांचे जे केले, ते मालवणात घडू नये, एवढाच या कायद्याचा अर्थ.

२३/
एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. याँगच्या मोहिमेने भांड्यात नोंदवलेली घटना, म्हणजे तापलेल्या पाण्यात शैवाल गमावणारा प्रवाळ, आता महासागरभर घडते आहे. टाकीत जाती टिकतील, भित्ती टिकणार नाही. तिच्यासाठी समुद्रच हवा. मात्र पावणेदोनशे वर्षांच्या या खटाटोपाने एक मोजमाप हाती दिले आहे. काही हजार लिटर पाण्यात समुद्राची नक्कल करायला किती पंप, किती वीज, किती माणसांची किती वर्षे लागतात, ते आता ठाऊक आहे. मालवणचा समुद्र तेच काम विनामूल्य करतो, जोवर त्याचे पाणी थंड आणि स्वच्छ आहे.

(धागा समाप्त)